सप्ताहाची वीणा: नवी घ्यावी की आजोबांचीच नीट करावी?

वर्धेकाठचा:
राम कृष्ण हरी मंडळी. गाव आर्वी तालुक्यातलं. हनुमान जयंतीच्या सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही, दोन-दोन तासांचे पहारे असतात. वीणा आजोबांच्या काळची, मिरजेची. भोपळा ठणठणीत आहे, पण आवाज पार बसला. डबड्याला तार बांधून छेडावी तसा येतो. एक खुंटी सारखी घसरते. त्यात मागच्या वर्षी तार तुटली तेव्हा आमच्यातल्या एका हुशार माणसाने सायकलच्या ब्रेकच्या वायरचा पीळ सोडवून त्यातली एक लावून दिली. हसू नका.
वर्गणीचे बारा हजार जमले आहेत. शहरातल्या दुकानात अख्ख्या लाकडाची, नक्षीदार वीणा पाहून आलो. घेऊन टाकावी का?

खंजिरीवाला (मोझरी):
आमची खंजिरीच बरी भाऊ, ना तार ना खुंटी. पण नवी घ्याची घाई कायले करता? आमच्या सोयऱ्यायनं नक्षी पाहून घेतली होती. दिसाले नवरदेव, बोलाले मुका. आता देवघरात टांगून हाय.

मिरजेचा जावई:
सासुरवाडीमुळे मिरजेच्या वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत बराच बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
भोपळा शाबूत आहे म्हणता, तर मूळ भांडवल तुमच्याकडेच आहे. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे वाद्यांसाठीच पिकवतात, खायचे नव्हेत. जाड सालीचे निवडून महिनोन्‌महिने वाळवावे लागतात. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, तुणीच्या लाकडाची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मूळ काम शिकलगारांचं, म्हणजे हत्यारं करणाऱ्या घराण्यांचं. लाकडी वीणा वाईटच असते असं नाही. जड होते मात्र. पहाऱ्यात दोन तास गळ्यात घेऊन उभं राहायचं, हे दुकानदाराला कोण सांगणार?
आवाज बसलाय तो बहुधा घोडीवर, म्हणजे तबलीवरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिथे. तार घोडीच्या किंचित उताराच्या पाठीवर हलकेच घासत झंकारते, ती जवारी. पोलादी तार वर्षानुवर्षं एकाच जागी घासली की तिथे चर पडते आणि झंकार मरतो. नखाने चाचपून बघा, खाच लागेल. जवारी काढणारा कारागीर पाठ घासून पुन्हा उतार देतो, मग घोडी आणि तारेच्या मध्ये सुती दोरा सरकवून आवाज कुठे खुलतो ते शोधतो. हा दोरा म्हणजे जीव. तुमच्या विणेत तो आहे तरी का?
विणेच्या गळ्याचा, म्हणजे दांडी भोपळ्याला जोडते तिथला, सांधाही बघा. तबलीवर टिचकी मारा, खरखरलं तर चीर आहे.

वर्धेकाठचा:
दोरा नाही! खाच आहे, नख अडकतं. आता एक अडचण. कारागीर हाडाची घोडी बसवतात असं ऐकलं. आमचे माळकरी ती गळ्यात घेतील का?

मिरजेचा जावई:
नाही घेणार, आणि घ्यायलाही लावू नका. शिसवी सांगा. आवाज मऊ येतो, चर लवकर पडते, काही वर्षांनी पुन्हा जवारी काढावी लागेल. सप्ताहाला मला तोच आवाज जास्त आवडतो, हाडाची घोडी टाळांच्या गर्दीत कर्कश होते. घोडी मिळेल ती बसवू नका, आधी तोंडी ठरवून घ्या.

सूरसाधक (यवतमाळ):
तारांचं कुणी बोललंच नाही. गायची पट्टी, म्हणजे सूर, कोणती तुमची?

वर्धेकाठचा:
हार्मोनियमची काळी चार. बुवा चढले की पाच.

सूरसाधक (यवतमाळ):
तिथेच घोळ. दुकानात तारांचा संच मागितला की पुष्कळदा काळी एकचा देतात, शास्त्रीय गाणाऱ्या पुरुषाचा. तीच तार काळी एकवरून काळी चारला ओढली की तिच्यावरचा ताण सव्वादोन पट होतो. तार तुटते ती तुटते, तबलीही दबते. म्हणून पोलादी तारा बारीक घ्या, खर्जाची पितळेची तीही त्याच मापात. पट्टी चिठ्ठीवर लिहून कारागिराला द्या.
खुंटीला खडू घासा. तेल कुणी लावलं असेल तर आधी पुसून काढा, आमच्याकडे एकाने खोबरेल लावलं होतं! आणि एप्रिल-मेच्या उन्हात टिनाच्या सभामंडपात वीणा टांगून ठेवू नका. सांधा उकलतो, लाकूड आकसून खुंटी ढिली पडते. सप्ताह झाला की तारा थोड्या उतरवून ठेवा.

खंजिरीवाला (मोझरी):
खोबरेल! बावा, माणसायच्या डोक्याले लावाचं ते.

वर्धेकाठचा:
ठरलं. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट मिरजेला जाते, जुनीच घेऊन जातो. आजच्या भजनाआधी ब्रेकची वायर काढून टाकली. तीन तारांवर म्हटलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त आई म्हणाली, आज वीणा कमी ओरडली.
गाडीत भोपळा सांभाळायला गोधडी पुरेल, की पेटी करून घेऊ?