दुर्बीण नाही, मग काय म्हणायचं?

आबांच्या यकृतात गळू झालं होतं. ऑपरेशन नको, नुसता पू काढू, असं डॉक्टर म्हणाले. कर्वे रस्त्याजवळच्या त्या रुग्णालयात संमतीपत्र मराठीत मिळालं, त्यावर छापलं होतं: ‘प्रतिमा-मार्गदर्शित त्वचाभेदी निचरा’. आबांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाले, "निचरा शेताचा करतात." तोवर आत्याने फोनवर सगळ्यांना कळवलं, "दुर्बिणीतून काढणार आहेत." शेवटी वॉर्डातल्या मावशींनी उलगडा केला: "सोनोग्राफीत बघून सुई घालतात, मग नळी टाकून पिशवी लावतात." या प्रकाराला मराठीत सुटसुटीत शब्द आहे का?

प्रतिसाद १
आत्याबाईंचं ‘दुर्बिणीतून’ तेवढं नको. पित्ताशय दुर्बिणीतून काढतात तेव्हा कॅमेरा पोटात जातो. इथे आत डोळा जातच नाही. जाते ती सुई नाहीतर तार, आणि चित्र दिसतं बाहेरच्या पडद्यावर. या शाखेला इंग्रजीत ‘इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी’ म्हणतात. त्यातल्या ‘इंटरव्हेन्शनल’साठी ‘हस्तक्षेपी’ वाचलंय, पण हस्तक्षेप म्हटला की मला आमच्या सोसायटीचे चेअरमन आठवतात. पुढे ‘क्ष-किरण’ जोडावं, तर सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच. मावशींचं ‘बघून सुई घालणं’ मला सर्वांत नेमकं वाटतं.

प्रतिसाद २
रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून आत बसवतात त्या स्टेंटला लोक ‘जाळी’ म्हणतात, तेही तसंच नेमकं. ‘स्टेंट’ हे मुळात चार्ल्स स्टेंट नावाच्या इंग्रज दंतवैद्याचं आडनाव, त्यातून वस्तूबद्दल काही कळत नाही. ‘जाळी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते. मात्र ‘फुगा मारला’ म्हणजेच अँजिओप्लास्टी, असं धरू नये. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची रक्तवाहिनी उघडली ती फुग्याविना, तारेवरून एकाहून एक जाड नळ्या सरकवून.
खरा घोळ ‘अँजिओ’चा. ग्राफी म्हणजे रंग सोडून नुसतं बघणं, प्लास्टी म्हणजे रुंद करणं, आणि आपण दोन्हीला अँजिओ म्हणतो. ‘काकांची अँजिओ झाली’ यावरून जाळी बसली की नाही ते कळत नाही. विचारावंच लागतं.

प्रतिसाद ३
आणि एम्बोलायझेशन? तिथे उलट, रक्तवाहिनी मुद्दाम बंद करतात: गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठीचं रक्त तोडायला, किंवा कुठे रक्तस्राव थांबत नसेल तर. बोलीत याला शब्दच नाही. ओळखीतल्या एका गृहस्थांची प्रोस्टेटसाठी ही प्रक्रिया झाली. त्यांनी सोपं करून सांगितलं, "नस बंद केली." मेहुणे म्हणाले, "या वयात?" ‘नसबंदी’ने ती जागा कधीच अडवून ठेवलीय. विश्वकोशातला ‘रोहिणी’ घ्यावा, तर ‘रोहिणी बंद केली’वर पहिला प्रश्न येईल, कोण रोहिणी? एम्बोलायझेशन ज्यावरून आलं त्या ‘एम्बोलस’चा ग्रीक अर्थ बूच किंवा पाचर. अर्थाने ‘बूच’ चपखल आहे, पण ‘बूच बसलं’ म्हटल्यावर कॉलेजची पोरं काय समजतील ते सांगायला नको. मी ‘रक्तपुरवठा बंद केला’ म्हणते. लांब आहे, पण गैरसमज नाही.

मूळ प्रश्नकर्ता
‘रक्तपुरवठा बंद’ घेतलं. आबा आता बरे आहेत. त्यांच्या नळीचं नाव पिगटेल, डुकराची शेपटी. टोक आत गेल्यावर गोल वळतं, म्हणून सहज सुटून येत नाही. आबा तिला ‘वेटोळं’ म्हणायचे, आणि राउंडला येणारे डॉक्टरही तिसऱ्या दिवशी तेच म्हणू लागले. पाकिटावर ‘१२ फ्रेंच’ होतं, त्यावरून आबांनी ती फ्रान्सहून मागवली असं सगळ्यांना सांगितलं. ते माप आहे, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.