'रद्दी देश' कोणाला म्हणताय? आवडता देश कोणता आणि का, बोला

साखर पेठ:
परवा आपल्या सोलापूरच्या टपाल तिकीटवाल्यांच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ मेंबरनं लिहिलं, "गोळा करायचं तर इंग्लंड नाहीतर ब्रिटिश इंडिया. हंगेरी, मंगोलिया, भूतान, आखातातलं अजमान ही रद्दी." दोन दिवस डोक्यातनं जाईना. माझे वडील गिरणीत होते, गड्ड्याच्या जत्रेत वर्षातनं एकदा मिक्स तिकिटांचं पाकीट घेऊन द्यायचे आणि त्यात निम्मी 'मग्यार पोस्टा' असं छापलेलीच असायची, त्रिकोणी, तिरकी, फुलपाखरं, रॉकेटं. मग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, हे सगळं मला तिकिटांनी शिकवलं, शाळेत नंतर आलं. आणि भूतान रद्दी? 1962 मध्ये टपालाचं पहिलं तिकीट काढलेला देश, 1969 मध्ये पोलादाच्या पातळ पत्र्यावर तिकीट छापतो, रेशमावर छापतो, नंतर तर ग्रामोफोनवर लावली की भूतानचं राष्ट्रगीत वाजणारी तिकिटं काढतो. मला सगळ्यात प्रिय भूतान, आणि ते अजून मी मनापासून गोळा करतो.

रेल्वे लाईन्स:
तो ज्येष्ठ मेंबर मीच. राग येऊ दे, पण नीट वाचा. तुमच्या हंगेरीच्या तिकिटांवर शिक्का असतो आणि मागं गोंद जसाच्या तसा असतो, म्हणजे ते तिकीट पाकिटावर कधी चिकटलंच नाही. छापखान्यातनं निघालं, शिक्का बसला, थेट पुड्यात. त्याला टपालाचं तिकीट कसं म्हणायचं? अजमानचं बघा, 1964 ला सुरू, 1972 ला खेळ खलास, तेवढ्यात ऑलिंपिक, अंतराळ, युरोपातली चित्रं, सगळ्यांचा भडिमार. मी आठवीत असताना खाऊचे पैसे साठवून अशा देशांचा एक अख्खा अल्बम घेतला होता. पुढं एका व्यापाऱ्याला दाखवला तर त्यानं उघडूनसुद्धा बघितला नाही. ते अजून लागतंय मनाला. इंग्लंडचं तिकीट बघा, देशाचं नावच नाही, नुसतं राजाचं नाहीतर राणीचं डोकं. 1840 मध्ये पहिलं तिकीट त्यांनीच काढलं म्हणून जगात फक्त त्यांना ती सूट. मान असा असतो.

साखर पेठ:
मान वगैरे ठीक आहे काका, पण ते पहिलं तिकीट, पेनी ब्लॅक, छापली होती 6 कोटी 80 लाखांच्या वर. दुर्मिळ म्हणून डोक्यावर घ्यायचं तर हिशोब तिथंही लावा की.

रेल्वे लाईन्स:
दुर्मिळ आहे असं मी कुठं म्हणालो? पत्रावर लागून गेलेली आहे एवढंच म्हणतोय. आकडा बरोबर आहे तुमचा, मान्य.

विजापूर रोड:
सोलापुरात बसून चीनचं नाव कोणी घेईना याचं आश्चर्य वाटतं. डॉ. कोटणीस आपल्या गावचे. 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले, 1942 मध्ये तिथंच वारले. चीननं त्यांच्यावर दोन तिकिटं 1982 ला काढली, आपल्या पोस्टानं काढलं 1993 ला. अकरा वर्षं! भैय्या चौकातनं, त्यांच्या स्मारकावरनं जाताना दरवेळी हे आठवतं आणि चिडचिड होते. मी त्या दोन तिकिटांपासून चीन सुरू केला. 1980 चं लाल माकडाचं महागडं तिकीट माझ्याकडं नाही, असायची ऐपतही नाही, शिवाय बनावट इतकी फिरतात की बघूनसुद्धा भरवसा वाटत नाही. पण कोटणीसांची जोडी आहे, आठ फेनची आणि सत्तर फेनची (फेन म्हणजे चिनी पैसा).

अशोक चौक:
माझा देश हैदराबाद. आजोबा तेलंगणातनं मागावर काम करायला इकडं आले, त्यांच्या पेटीत निजामाची तिकिटं होती. 1871 च्या जुन्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरं आहेत. पुढच्या सेटमध्ये चारमिनार, हायकोर्ट, अजिंठ्याचं प्रवेशद्वार, दौलताबादचा मनोरा. आमच्या घरात मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषा बोलतात आणि त्या दोन्ही एका तिकिटावर मला दुसरीकडं कुठं सापडल्या नाहीत.

मूळ नळदुर्ग:
हैदराबाद देश कधीपासून झाला? संस्थान म्हणा. कॅटलॉगमध्येसुद्धा भारताच्या पोटातच संस्थानांमध्ये येतं ते.

अशोक चौक:
स्वतःची तिकिटं होती, हाली सिक्का नावाचं स्वतःचं नाणं होतं, इंग्रजांचा कलदार रुपया वेगळा. अल्बममध्ये त्याला स्वतंत्र पान द्यायचं नाही तर काय करायचं?

मूळ नळदुर्ग:
पान द्या हो, देश म्हणू नका. निजामाचं तिकीट संस्थानाच्या हद्दीबाहेर चालत नव्हतं, इथनं पन्नास किलोमीटरच्या आत हद्द होती आणि सोलापूरला तिकीट इंग्रजांचं लागायचं. आणि हे माझ्यासाठी कॅटलॉगचं प्रकरण नाही. 1948 ला रझाकारांच्या धाकानं माझे आजोबा रात्रीत नळदुर्ग सोडून इकडं आले, आजी पोटुशी होती. घरातलं सगळं तिथंच राहिलं. तुम्ही "माझा देश" लिहिलंत आणि माझ्या पोटात कालवलं.

अशोक चौक:
तुमच्या आजोबांच्या दुःखाबद्दल मी एक शब्द वाईट बोललो का? तिकिटं निजामानं एकट्यानं वापरली नाहीत, तुळजापूरच्या माणसानं नळदुर्गच्या बहिणीला पत्र टाकलं तेव्हा तेच तिकीट लावलं. ती माणसं आपलीच ना. माझे आजोबाही त्याच राज्यातनं पोटासाठी बाहेर पडलेले. एकट्या तुमच्या घरानं भोगलं असं लिहू नका.

विजापूर रोड:
दोघंही जरा दमानं घ्या.

मूळ नळदुर्ग:
एकट्यानं भोगलं असं म्हटलं नाही मी. तरी शब्द जास्त गेला असेल तर राहू दे. आजोबांनी आणलेल्या वहीत एक पाकीट आहे, एक आण्याचा चारमिनार लावलेलं, शिक्का अर्धाच उमटलाय. ते मी कधी अल्बममध्ये लावलं नाही, फेकलंही नाही.

रेल्वे लाईन्स:
ते पाकीट आहे तसंच ठेवा, तिकीट भिजवून काढू नका कृपा करून. पाकिटासकट किंमत आहे त्याची. असली वस्तू मी इंग्लंडच्या अख्ख्या पानाच्या बदल्यात घेईन.

साखर पेठ:
म्हणजे शेवटी काका संस्थानावर आले! भूतानचं मात्र मी सोडणार नाही, रेशमाचं तिकीट हातात घेतल्याशिवाय रद्दी म्हणायचं नाही.

रेल्वे लाईन्स:
भूतान वेगळं काढतो यादीतनं. अजमान नाही.

अशोक चौक:
नळदुर्गवाले, मला ते पाकीट बघायचंय. द्यायचं नाही, नुसतं बघायचं. शिक्क्यावरची तारीख लागते का ते भिंगातनं दोघं मिळून बघू. मी 1871 चं घेऊन येतो, त्यावरची मराठी अक्षरं तुम्ही वाचा, तेलुगू मी वाचतो.

मूळ नळदुर्ग:
रविवारी सकाळी सात रस्त्याला या. वही घेऊन येतो.