२०१९ च्या आठ महिला खासदारांपैकी दोघीच परत कशा आल्या?

तापीकाठ
२०१९ ला महाराष्ट्रातून आठ महिला लोकसभेत गेल्या. २०२४ ला त्यातल्या सुप्रिया सुळे आणि रक्षा खडसेच टिकल्या. बाईला मतं पडत नाहीत, एवढंच कारण आहे का?

बूथवाला
मतदाराच्या माथी मारू नका. उरलेल्या सहांपैकी तिघींना तिकीटच नव्हतं: भावना गवळी (सलग पाच वेळा खासदार!), प्रीतम मुंडे, पूनम महाजन. गवळींच्या जागी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी आल्या, कारण हिंगोलीत पाटलांचं स्वतःचं तिकीट कापलं होतं. बीडला प्रीतमऐवजी त्यांची बहीण पंकजा. त्या ६,५५३ मतांनी पडल्या. हरलेल्यांत हीना गावित, नवनीत राणा आणि भारती पवार. दिंडोरीत भारती पवारांना कांद्याची निर्यातबंदी भोवली, तिथे पुरुष असता तरी आपटलाच असता.

खानदेशी
यादीत नाव आलं म्हणजे तिकीट मिळालं असं नाही. जळगावात २०१९ ला स्मिता वाघ यांची उमेदवारी जाहीर होऊन कापली गेली. २०२४ ला त्याच निवडून आल्या. पक्षाचा एबी फॉर्म (हाच आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षाचं पत्र) शाईच्या सहीनिशी अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. तोवर आधीचा रद्द करून दुसऱ्याच्या नावाचा देता येतो. मुंबईत वजन असणारं कुणी पाठीशी नसेल, तर घात तिथेच होतो.

तापीकाठ
आणि पैसा?

बूथवाला
अनामत २५,००० (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी), बाईला वेगळी सवलत नाही. खर्चमर्यादा ९५ लाख. सहा विधानसभा, साधारण दोन हजार बूथ धरा, बूथमागे पावणेपाच हजारच पडतात. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही, त्यामुळे पक्षाने हात आखडता घेतला की उमेदवार घरच्या यंत्रणेवर येते. लेकी-सुनांना तिकीट का मिळतं, ते इथे कळतं. निवडणुकीचं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडा. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब न दिल्यास तीन वर्षं अपात्रता येऊ शकते.

खानदेशी
आरक्षणाने तिकिटाचा प्रश्न सुटेल, जागा टिकवण्याचा नाही. १०६व्या घटनादुरुस्तीनुसार (लोकसभा-विधानसभांतलं महिला आरक्षण) राखीव जागा मतदारसंघांच्या दर पुनर्रचनेनंतर फिरणार. महापालिकांत सोडतीने प्रभाग खुला झाला की नगरसेविकेऐवजी पक्ष पुन्हा पुरुषालाच पुढे करतात, हे सगळ्यांनी पाहिलंय.