नशा उतरली म्हणजे संमती पक्की, असं नाही

दारूच्या नशेत आलेल्या रुग्णाला औषधाच्या चाचणीत घ्यायचं तर संमती कोणाची? ‘आत्ता बायकोची सही घ्या, उतरली की त्याची घ्या’ असं कुणी म्हटलं, तर ते नियमाला धरून आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही रुग्ण भानावर आला की पुन्हा संमती घ्यायला सांगतात. पण भानावर आला हे ठरवायचं कधी? कधीतरी पिणाऱ्याच्या रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम प्रति १०० मिली या वेगाने उतरतं, तिथे हिशेब सोपा. रोज हातभट्टी पिणाऱ्याचं तसं नसतं. दारू बंद झाल्यावर सहा-आठ तासांत हात थरथरतात, आणि काहींना खरा भ्रम सुरू होतो तो साधारण ४८ ते ७२ तासांनी. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी शहाण्यासारखा बोलून सही करणारा माणूस तिसऱ्या दिवशी भिंतीवरचे नसलेले किडे झटकत असू शकतो. त्या सहीला कितपत अर्थ? नुसता तोंडाचा वास घेऊन किंवा घड्याळ बघून हे ठरत नाही. काय समजलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं, आणि तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

राहिली बायकोची सही. मी सोलापुरात रुग्णालयाच्या वॉर्डात समुपदेशनाचं काम केलंय. शहराच्या पूर्व भागातून आलेली विडी कामगार बाई घरात तेलुगू बोलते, फॉर्म मराठीत, तोही वकिली. नव्या औषधांच्या चाचण्यांबद्दलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो. तो तेलुगू जाणणारा तरी बघा, आणि वॉर्डबॉयला उभं करू नका.