मदत हवी आहे: सगळ्यांच्या फाइलला हात लावायची भीती वाटते, सुरुवात कुठून करू?

पाटीपेन्सिल:
नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. आमच्या विषयशिक्षकांच्या गटाने घटकनियोजन आणि प्रश्नपेढी गूगल डॉक्स आणि शीट्सवर नेली आहे आणि बैठका गूगल मीटवर होतात. फोन, व्हॉट्सॲप मला जमतं. पण सगळ्यांची फाइल उघडली की कीबोर्डवर हात ठेववत नाही. इतरांनी महिनोन्‌महिने केलेलं काम माझ्या एका चुकीच्या बटणाने पुसलं गेलं तर? बैठकीतही फक्त ऐकते, बोलायचं टाळते. कोणाला विचारलं तर ते माऊस हातात घेतात, चार ठिकाणी टकटक करतात आणि "झालं, बघा" म्हणतात. काय झालं ते मला कळलेलं नसतं. सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे, ते गटापर्यंत पोचावं असं फार वाटतं. काय आणि कोणत्या क्रमाने शिकू?

खडूफळा:
ताई, लिहायला शिकण्याआधी झालेली चूक मागे घ्यायला शिका. बिघडलेलं पूर्ववत करता येतं हे स्वतःच्या हाताने करून पाहिलं की भीती पुष्कळ उतरते. नुसतं "काही होत नाही हो" ऐकून ती उतरत नाही.

फाइल उघडा, 'फाइल' मेनूतून 'मेक अ कॉपी' निवडा. त्या चौकटीत त्याच लोकांना प्रत देण्याचा पर्याय दिसला तर त्यावर खूण करू नका. आता ही प्रत फक्त तुमची आहे, मूळ फाइलशी तिचा काही संबंध नाही. तिच्यातला एक अख्खा परिच्छेद मुद्दाम पुसा आणि कंट्रोल व झेड एकत्र दाबा. परत येईल. पुन्हा पुसा, पण या वेळी पान बंद करून पुन्हा उघडा. आता कंट्रोल-झेड चालणार नाही, कारण ती आठवण पान उघडं असेपर्यंतचीच असते. इथे 'फाइल', 'व्हर्जन हिस्टरी', 'सी व्हर्जन हिस्टरी' असं जा. उजवीकडे तारीख-वेळेनुसार जुन्या आवृत्त्या दिसतील, आणि कोणी काय बदललं ते वेगवेगळ्या रंगांत. आधीच्या आवृत्तीवर क्लिक करा, पुसलेला परिच्छेद तिथे असेल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. 'रिस्टोर धिस व्हर्जन' दाबलं तर अख्खी फाइल त्या वेळेला जाते, म्हणजे त्यानंतर इतरांनी लिहिलेलंही समोरून जातं. (तेही हिस्टरीत असतं, आणता येतं, पण गोंधळ होतो.) म्हणून सगळ्यांच्या फाइलमध्ये जुन्या आवृत्तीतून फक्त हरवलेला मजकूर कॉपी करायचा, मागे यायचं आणि जागेवर चिकटवायचा. हे प्रतीवर तीनदा करा. तिसऱ्यांदा करताना वहीत बघावं लागलं नाही तर पुढे सरका.

मूळ फाइलमध्ये पहिलं पाऊल कॉमेंटचं असू द्या. शब्द निवडा, कंट्रोल, ऑल्ट आणि एम दाबा, मत लिहा. मजकूर जसाच्या तसा राहतो. त्यानंतर वर उजवीकडच्या पेन्सिलच्या चिन्हातून 'सजेस्टिंग' निवडा. या अवस्थेत तुम्ही पुसलेल्या शब्दावर फक्त रेघ येते, तो जात नाही. बदल ठेवायचा की नाही ते नंतर ठरतं. थेट 'एडिटिंग' सगळ्यात शेवटी.

आडवीओळ:
वरचं डॉक्ससाठी अगदी बरोबर. शीट्समध्ये मात्र एक खरा धोका आहे, तो आत्ताच सांगून ठेवते: सॉर्ट, म्हणजे क्रम लावणं. एकाच स्तंभावर निवड करून 'सॉर्ट रेंज' केलं की तेवढाच स्तंभ हलतो, बाजूचे जागेवर राहतात. पहिल्या मुलीचे गुण तिसऱ्या मुलीपुढे जातात आणि पाहणाऱ्याला काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. पुसलेलं लगेच लक्षात येतं, सरकलेलं येत नाही. म्हणून क्रम लावून पाहायचं असेल तर 'डेटा' मेनूतून नवा 'फिल्टर व्ह्यू' तयार करा. त्यातला क्रम फक्त तुमच्या पडद्यावर बदलतो, इतरांचं पान जसंच्या तसं राहतं. आणि एखाद्या चौकटीत आधी काय होतं हे हवं असेल तर तिच्यावर उजवं क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' पाहा.

गटात जे फाइल सांभाळतात त्यांनाही सांगा: सूत्रांच्या आणि शीर्षकांच्या ओळी 'प्रोटेक्ट' करून ठेवा, म्हणजे इतरांना त्या बदलता येणार नाहीत. नवख्या माणसाला "जपून हं" म्हणण्यापेक्षा हे बरं.

दुसरीघंटा:
माऊस हिसकावण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेविषयी जी मांडणी केली, तिच्यात आपल्याला जमेल हा विश्वास कुठून येतो याचे चार उगम दिले आहेत: स्वतःला मिळालेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, इतरांचा धीर आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांत सर्वांत बळकट स्वतःचं यश. माऊस दुसऱ्याच्या हातात गेला की नेमकं तेच तुमच्या वाट्याला येत नाही. काम त्याने केलेलं असतं.

म्हणून मदत मागतानाच अट घाला: "तुम्ही बोला, मी दाबते." समोरचा लांब असेल तर स्क्रीन तुम्ही शेअर करायची, त्याने नाही. एका बैठकीला एकच काम, पंधरा-वीस मिनिटं. मग त्याच्यासमोर ते दुसऱ्यांदा, या वेळी त्याने गप्प बसून.

वहीत प्रत्येक कामाला तीन ओळी पुरतात: पडद्यावर काय दिसतं, मी काय दाबते, त्यानंतर काय दिसायला हवं. तिसरी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि मग आपण बरोबर आहोत की चुकलो हेच कळत नाही. बटणाची जागाही लिहू नका ("डावीकडून तिसरं"), नाव लिहा. अपडेट आलं की जागा बदलतात, नावं सहसा टिकतात.

पाटीपेन्सिल:
मनापासून आभार. प्रतीवर परिच्छेद पुसून परत आणणं तीनदा झालं. पण दोन अडचणी आल्या. गटाची एक लिंक उघडली तर परवानगी नाही असं येतं, इतरांना मात्र ती उघडते. आणि माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका डॉक्समध्ये चिकटवल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग येतो. मी काय चुकवलं?

खडूफळा:
दोन्हींत तुमची चूक नाही.

लिंकचं कारण बहुतेक वेळा खातं असतं. ब्राउझर तुमच्या घरच्या ईमेलने चालू असतो आणि परवानगी शाळेच्या ईमेलला दिलेली असते. वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून कोणता पत्ता आहे ते पाहा, खातं बदला, लिंक पुन्हा उघडा. तोपर्यंत 'रिक्वेस्ट ॲक्सेस' दाबू नका, नाहीतर चुकीच्या पत्त्याला परवानगी मिळते आणि पुढे दोन खात्यांचा गुंता होत राहतो.

प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असणार. त्यांत आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, फाँट त्यांना फक्त मराठी रूप देतो. फाँट नसलेल्या ठिकाणी खालची अक्षरं उघडी पडतात. डॉक्समध्ये फाँट बदलून उपयोग नाही, मजकूर कन्व्हर्टरमधून (रूपांतर करणाऱ्या साधनातून) युनिकोडमध्ये आणावा लागतो, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत. तुमचा विषय विज्ञान आहे म्हणून खास सांगतो: रासायनिक सूत्रं आणि एककं खऱ्या इंग्रजीत असतात, कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून बदलतो आणि पाण्याच्या सूत्राचं काहीतरी भलतंच होतं. सूत्रं वगळून परिच्छेदा-परिच्छेदाने रूपांतर करा. नंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

नवं लिखाण थेट युनिकोडमध्ये करा. क्रोममध्ये डॉक्सच्या 'टूल्स' मेनूत 'व्हॉइस टायपिंग' आहे, भाषा मराठी निवडा आणि बोला. विरामचिन्हं हाताने घालावी लागतील.

आडवीओळ:
मीटचं राहिलंच. रंगीत तालीम एकटीनेच करता येते: लॅपटॉपवर बैठक सुरू करा, फोनवरून त्याच बैठकीत या. फोन समोर ठेवला की इतरांना तुम्ही कशा दिसता, तुमची स्क्रीन कशी दिसते, सगळं कळतं. फोनचा माइक बंद आणि आवाज शून्यावर ठेवा, नाहीतर दोन यंत्रांचे आवाज एकमेकांत घुसून कर्कश शिट्टी वाजते. तेवढ्याने काही बिघडत नाही, पण पहिल्यांदा ऐकली की माणूस दचकतो. माइक चालू-बंद करायला कंट्रोल आणि डी.

स्क्रीन दाखवताना पूर्ण स्क्रीन निवडू नका. येणारे निरोप आणि डेस्कटॉपवरच्या गुणपत्रिका सगळ्यांना दिसतात. फक्त 'टॅब' निवडा. व्हिडिओ दाखवायचा असेल तरी टॅबच, आणि निवडतानाच टॅबचा आवाज शेअर करण्याचं बटण चालू आहे का ते पाहा.

पाटीपेन्सिल:
शेवटचं एक. माझी प्रयोगांची फाइल गटाला द्यायची आहे. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय ठेवला तर चालेल ना?

दुसरीघंटा:
फक्त प्रयोग असतील तर चालेल, पण भूमिका 'कॉमेंटर' ठेवा, 'एडिटर' नको. विद्यार्थ्यांची नावं, गुण किंवा पालकांचे नंबर असतील तर अजिबात नको. तिथे एकेक ईमेल घालूनच परवानगी द्यायची. पाठवण्याआधी लिंक इनकॉग्निटो खिडकीत (ब्राउझरची वेगळी खिडकी, तिथे तुमचं खातं चालू नसतं) उघडून पाहा. लॉगिन न मागता उघडली, तर ती जगात कोणालाही उघडेल. आणि खालच्या पट्टीत दुसरी पानं असतील तर तीही तपासा. प्रयोगांच्या शीटमागे गुणांचं पान राहून जातं, आणि लिंकबरोबर तेही जातं.