टेबलावरचा तवा, उकळता रस्सा आणि अनलिमिटेड जेवण : नागपूरकरांचा अनुभव धागा

गोकुळपेठकर

पुण्या-मुंबईला गेलं की कोरियन बार्बेक्यू (टेबलावरच्या तव्यावर स्वतः भाजून खाणं) आणि हॉटपॉटचं (टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात स्वतः शिजवून खाणं) अनलिमिटेड जेवण जेवणारे, आणि इथे नागपुरात घरीच टेबलावर तवा-पातेलं मांडणारे, दोघांसाठी हा धागा. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी लिहावं. कोण सोबत होतं, किती धमाल आली ते नको. काय आधी टाकायचं, किती जाड, किती वेळ, काय बिघडतं आणि का, ते हवं.

सुरुवात मीच करतो. या जेवणात स्वयंपाकी आपणच असतो. हॉटेल मांस कापून देतं, तवा तापवून देतं. पुढे कच्चं राहणं, करपणं सगळं आपल्या हातात. म्हणून क्रम पाळावा. आधी बिनमसाल्याचं घ्यायचं: पोर्क बेली (कोरियात साम्ग्योप्साल), साधं चिकन, कोळंबी. बुलगोगी (मुरवलेल्या मांसाचे पातळ काप), काल्बी (मुरवलेल्या बरगड्या), गोचुजांगमध्ये (कोरियन मिरचीचा घट्ट ठेचा) मुरवलेलं चिकन हे सगळ्यात शेवटी. त्या मसाल्यात साखर आणि फळाचा गर असतो. मांस शिजायच्या आत साखर जळते, तव्याला काळा थर धरतो आणि त्यावर पुढे जे टाकाल ते कडू लागतं. थर दिसला की जाळी किंवा तवा बदलून मागा. कोरियात हे रोजचं आहे, त्यात संकोच कसला?

मंद आच

तवा तापला का हे पाण्याच्या थेंबावरून कळतं. थेंब चर्र करून लगेच उडाला पाहिजे. बसून हळूहळू आटत असेल तर तवा थंड आहे. त्यावर मांस चिकटतं, पाणी सोडतं आणि भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतं. तवा गच्च भरला तरी हेच होतं. निम्मा तवा रिकामा ठेवा, थोडं थोडं टाका. अनलिमिटेड आहे म्हणून पहिल्याच फेरीत पाच प्लेटा ओतणं हा या जेवणाचा सगळ्यात मोठा घात.

पोर्क बेलीला तेल लागत नाही. ५-६ मिलिमीटरचा तुकडा एका बाजूने २-३ मिनिटं, कडा सोनेरी झाल्या की उलटून आणखी दोन मिनिटं, मग कात्रीने बोटभर रुंदीचे तुकडे करून कापलेल्या बाजू मिनिटभर भाजायच्या. तवा चरबी निथळायच्या भोकाकडे थोडा उतरता असतो. त्या उतारावर किमची (आंबवलेला तिखट कोबी) आणि लसणाच्या पाकळ्या ठेवा, चरबीत फार सुंदर परततात. चिकनला मात्र तेलाचा हात हवा. मांडीचं बोनलेस, एक सेंटिमीटर जाड असेल तर दर बाजूला ४-५ मिनिटं, आणि सगळ्यात जाड तुकडा कापून बघायचा: आत गुलाबी नको, रस स्वच्छ हवा.

घरी काटा-थर्मामीटर असेल तर चिकन ७४ अंश सेल्सिअस, डुकराचं अख्खं मांस ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती, खिमा ७१. आपल्याकडे अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी होण्याचा धोका खरा आहे, त्यामुळे मी स्वतः पोर्क गुलाबी ठेवायच्या बाजूचा नाही. ७१ पर्यंत जाऊ द्या, बेलीत चरबी भरपूर असते, ती कोरडी पडत नाही.

आणि चिमटे दोन. कच्च्याचा वेगळा, शिजलेल्याचा वेगळा. एकच दिला असेल तर दुसरा मागून घ्या. ज्या चॉपस्टिकने खायचं तिने कच्च्या मांसाला हात लावायचा नाही. पोट बिघडतं ते बहुतेक इथेच, आणि दोष मात्र तिखटाला जातो.

संत्राबाग

कोरियन मेन्यूतलं पातळ बीफ महाराष्ट्रात शोधू नका. गायीच्या कत्तलीवर राज्यात आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीवर आहे. आपल्याकडे ती जागा पोर्क, चिकन आणि मटण घेतात. मटण म्हणजे इथे बकऱ्याचं, तव्यावरच्या चार मिनिटांसाठी ते चिवट. दोन गोष्टी सांभाळल्या तर जमतं.

पहिली, काप. मांस फ्रीझरमध्ये दीड-दोन तास ठेवून दगड होण्याआधी, घट्ट झालं की काढायचं आणि धाग्यांच्या आडवं कापायचं. तव्यासाठी ३ मिलिमीटर, हॉटपॉटसाठी २. धाग्यांच्या दिशेने कापलं तर कितीही शिजवा, दातात अडकणारच.

दुसरी, मुरवण. अर्धा किलोला सोया सॉस ४ मोठे चमचे, साखर २ मोठे चमचे, किसलेली नासपती अर्धी, लसूण ५-६ पाकळ्या, तिळाचं तेल १ मोठा चमचा, मिरपूड, कांद्याची पात. नासपतीऐवजी आपलं संत्रं चालेल का, हे बरेच जण विचारतात. रस गोडी आणि वास छान देतो, पण मांस मऊ करणारं विकर (एन्झाइम) त्यात नाही. बकऱ्याच्या मटणाला कच्च्या पपईचा वाटलेला गर अर्ध्या किलोला एक लहान चमचा घाला आणि पातळ कापांना अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका; नाहीतर वरचा थर पिठासारखा होतो. अननस, किवीनेही मांस मऊ होतं, १५-२० मिनिटं पुरे. तेल भाजलेल्या तिळाचं, गडद रंगाचं हवं. घाण्याचं फिकं तेल आपल्या जागी उत्तम, पण तो वास त्यातून येत नाही.

सावजी मसाला चोळून तव्यावर टाकायचा मोह होतो. नका टाकू. तो रश्श्याचा मसाला आहे, तेलात बराच वेळ परतल्याशिवाय त्याचा कच्चेपणा जात नाही. तव्यावर तो वरून जळतो आणि आतून कच्चाच राहतो.

पाचपावलीकर

हॉटपॉटचं मी सांगतो राजेहो. भांड्याला मधे पडदा असते, एकीकडे साधा रस्सा, एकीकडे तिखट. लोक बसले की आधी मटण टाकून राहिले, तिथंच चुकते. पहिले कोबी, मुळा, कांदा, मशरूम टाका, चांगली उकळी येऊ द्या. रश्श्याला चव तिथून येते. मग मांस, आणि तेही घासाघासाने. काहून की गोठलेल्या चकत्या एकदम टाकल्या तर उकळी बसते, वर करडा फेस येते आणि मांस कोमट पाण्यात भिजत राहते. फेस आला तर झाऱ्याने काढून टाका.

वेळ असा धरा. मटणाची २ मिलिमीटरची चकती एक-दीड मिनिट, रंग पूर्ण बदलला पाहिजे. चिकनची पातळ चकती ३ मिनिटं. कोळंबी २-३ मिनिटं, गुलाबी आणि आतून पांढरी. फिशबॉल तरंगल्यावर आणखी दोन मिनिटं. बटाट्याची अर्धा सेंटिमीटर चकती आठ-दहा मिनिटं, म्हणून ती आधीच टाकून ठेवा लागते.

तिखट बाजूला पालेभाजी नका टाकू. चीनमधल्या सिचुआन पद्धतीच्या रश्श्यावर आपल्या पोह्यावरच्या तर्रीसारखा लाल तेलाचा थर असते, पान तो सगळा पिऊन घेते आणि एका घासात घसा धरते. पान साध्या बाजूला. बटाटा, टोफू, मांस तिखट बाजूला. त्यातले ते बारीक तपकिरी फळ (सिचुआन मिरी) कोकणातल्या तिरफळाच्या कुळातले. दाताखाली आले तर जीभ बधिर होते. घाबरायचं नाही, काही मिनिटांत उतरते.

रस्सा आटला तर गरम साधं पाणी वाढवा. खारा स्टॉक परत परत ओतला तर मीठ साचत जाते. रताळ्याच्या स्टार्चच्या नूडल्स अर्धा तास भिजवून शेवटी टाका. आधी टाकल्या तर सगळा रस्सा त्याच पिऊन टाकतात. तांदळाचे तोक (चिवट कोरियन वड्या) पण तसेच, तळाला चिकटतात, हलवत राहा लागते.

धिंगरी

शाकाहारी माणसांसाठी. फक्त “मांस नको” सांगून भागत नाही. किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा सॉस असतो. “साधा” रस्सा अनेकदा सुक्या मासळीचा आणि समुद्री शेवाळाचा असतो. फिशकेक आणि क्रॅबस्टिक दोन्ही मासळीचे. तेव्हा रस्सा कशाचा हे आधी विचारा, आणि वेगळं भांडं मागा. पडदा असलेल्या भांड्यात उकळी एकमेकांत उडते. गोचुजांग मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेल्या सोयाबीनचं असतं, पण बाजारातल्या बऱ्याच डब्यांत गहू असतो. सोया सॉसमध्येही. गव्हाची ॲलर्जी असेल तर लेबल वाचा.

तव्यावर धिंगरी मशरूम बोटाएवढ्या फाडून, वांग्याच्या ८ मिलिमीटरच्या चकत्या तेल लावून, रताळं अर्धा सेंटिमीटर जाड, दर बाजूला ४ मिनिटं. मशरूमला मीठ शेवटी, आधी लावलं तर पाणी सुटतं. पनीर तव्यावर उत्तम, रश्श्यात मात्र टोफू जास्त चव धरतो. पानात गुंडाळायचा घास लहान ठेवा, तो एकदमच तोंडात जातो. लेट्यूस मिळालं नाही तर कोबीचं पान अर्धा मिनिट उकळत्या पाण्यातून काढलेलं चालतं.

लोखंडी चूल

घरी मांडणाऱ्यांनी हे नीट वाचा. छोट्या ब्यूटेन डब्याच्या शेगडीवर तवा डब्याच्या वर येईल इतका मोठा नको. उष्णता परतून डब्यावर येते आणि डबा फुटतो. दोन शेगड्या जोडून वर एक मोठा तवा ठेवणं त्याच कारणाने धोक्याचं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे डबे गच्चीवर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको, खिडकी उघडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोळसा फक्त उघड्या गच्चीवर.

इंडक्शन सुरक्षित आहे, पण २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. ते १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा. ६ अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डवर वायर तापते. तव्याला खालून लोहचुंबक चिकटतं का बघा; ॲल्युमिनियमचे बरेच कोरियन ग्रिल-तवे इंडक्शनवर तापतच नाहीत.

लेखापाल

बसण्याआधी विचारायचं ते असं. वेळ किती, आणि घड्याळ कधी सुरू होतं, बसल्यावर की पहिली प्लेट आल्यावर? शेवटची ऑर्डर कधी? कोळंबी, पेय, आइस्क्रीम दरात आहेत का? उरलेल्या कच्च्या मांसाचे पैसे कसे लावतात? हा शेवटचा मुद्दा मेन्यूवर बारीक अक्षरात असतो. म्हणून चौघांनी एका वेळी दोन-तीन प्लेटांपेक्षा जास्त मागवू नये. घरी करत असाल तर मोठ्या माणसामागे कच्चं मांस पाव किलो पुरतं.

बिलावर जीएसटी बहुतेक रेस्टॉरंटांत ५ टक्के असतो, महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात १८. सेवा शुल्क वेगळं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. काढायला सांगा. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गोकुळपेठकर

शेवटचा भात राहिला. पाचपावलीकर भाऊ, तुम्हीच सांगा.

पाचपावलीकर

शेवटच्या ऑर्डरच्या आधीच भात मागून ठेवा, नंतर देत नाहीत. तव्यावरची जास्तीची चरबी पुसा, चमचा-दोन चमचे राहू द्या. करपलेला थर असेल तर तवा बदला, त्यावर भात कडूच होईल. उरलेली किमची कात्रीने बारीक करून परता, मग थंड, मोकळा भात, अर्धा चमचा गोचुजांग. उलथन्याने दाबून पसरवा आणि ४-५ मिनिटं हलवू नका, खाली खरपूस पापुद्रा धरते. वरून तिळाचं तेल, भाजलेलं समुद्री शेवाळ चुरून. हॉटपॉट असेल तर गाळलेल्या रश्श्यात भात घालून दहा मिनिटं मऊ करा, आच बंद करायच्या आधी फेटलेलं अंडं ओता, आणि ते घट्ट होईपर्यंत ढवळा. मीठ चाखूनच घाला, रश्श्यात आधीच पुष्कळ असते.