संध्याकाळचं युनिट महाग कशाला?

लोडफॅक्टर
'वातानुकूलित' यांनी काल इथेच या चर्चेत ठोकून दिलंय: "विजेचा तुटवडा हे नाटक आहे. दुपारी वीज उतू जाते, तीच संध्याकाळी महाग विकतात. चार वीजकेंद्रं जास्त बांधा, वेळेनुसार दर (संध्याकाळी महाग, इतर वेळी स्वस्त) रद्द करा, ग्राहकाच्या मागे घड्याळ लावू नका. नवे मीटर पळतात ते वेगळंच." त्यावर वीसेक जणांनी टाळ्याही वाजवल्या. म्हणून जरा सविस्तर.

"तीच वीज" इथेच गाडी घसरते. तारांत वीज साठत नाही. या क्षणी मागणी असेल तर निर्मितीही याच क्षणी हवी, आणि तफावत सगळ्यात आधी फ्रिक्वेन्सीत, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांत (हर्ट्झ), दिसते. ५ टक्के ड्रूपवर (घसरणीला किती प्रतिसाद द्यायचा ते सेटिंग) लावलेला गव्हर्नर, म्हणजे जनित्राचा वेग सांभाळणारं यंत्र, ०.१ हर्ट्झ घसरणीला क्षमतेच्या फक्त ४ टक्के उत्पादन वाढवतो, आणि तेही मशीनवर जागा शिल्लक असेल तर. पूर्ण भारावर चाललेल्या जनित्र-संचाकडे द्यायला काहीच नसतं. म्हणून काही क्षमता मुद्दाम राखून चालवावी लागते. तो खर्च तुमच्या-माझ्याच बिलात येतो.

चार केंद्रं जास्त बांधली तरी ती चालणार वर्षातले थोडे तास, हप्ते मात्र बारा महिने. आणि गल्लीतल्या २०० केव्हीए रोहित्राचं (ट्रान्सफॉर्मरचं) काय? करंट दीडपट झाला की तारांतला लॉस सव्वादोन पट होतो. रोहित्रातल्या साध्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य हॉटस्पॉट (आतली सर्वांत तापलेली जागा) ९८ अंशांच्या वर गेला की दर ६ अंशांना निम्मं होत जातं. संध्याकाळचा भार खाली आणला तर केंद्र, लाइन आणि रोहित्र तिन्हींचा खर्च वाचतो.

३० जुलै २०१२ आठवा. बिना-ग्वाल्हेर ४०० केव्हीचं एक सर्किट कामासाठी बंद होतं, दुसऱ्यावर भार चढला, लाइनवर दोष नसताना झोन-३ रिलेने (दूरचा दोष ओळखून लाइन तोडणारं संरक्षक यंत्र) तो भारच दोष समजून लाइन तोडली आणि उत्तर ग्रिड, म्हणजे उत्तर भारताचं वीजजाळं, झोपलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही.

वातानुकूलित
हे तर माझ्याच मुद्द्याचं उदाहरण, सही फक्त तुमची! २०१२ मध्ये रिलेचं सेटिंग आणि शिस्त नसलेली लोड डिस्पॅच केंद्रं (कुणी किती वीज ओढायची ते सांभाळणारी) यांनी घोळ घातला. त्याची शिक्षा गिझर लावणाऱ्याला का?

दराने मागणी हलते म्हणता ना? फेब्रुवारी २०२१, टेक्सासमधली थंडीची लाट. घाऊक भाव ९,००० डॉलर प्रति मेगावॅट-तास, म्हणजे युनिटला ९ डॉलर. भावाशी जोडलेली योजना घेतलेल्यांना हजारो डॉलरची बिलं आली. तरी शेवटी २०,००० मेगावॅट भार हाताने तोडावाच लागला. उणे तापमानात हीटर कोण बंद करेल? संध्याकाळी सातला स्वयंपाक कोण पुढे ढकलेल? ज्यांना वेळ हलवता येत नाही त्यांच्यावरचा हा दंड आहे.

लोडफॅक्टर
लाइनवर तो भार आला कुठून? ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली गेली म्हणून. रिलेने शेवटची काडी टाकली.

टेक्सासमधला होता क्षणाक्षणाचा बाजारभाव. वेळेनुसार दर आधीच ठरवून छापलेला असतो. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका. शिवाय तिथे गॅसपुरवठा आणि केंद्रंच गोठली होती, त्यावर दराचं औषध नव्हतंच.

स्वयंपाक हलवा असं कुणी म्हटलेलं नाही. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं, म्हणजे २ किलोवॅटचा गिझर जेमतेम १८ मिनिटं. टाकीचं आवरण धड असेल तर हेच पाणी दोन तास आधी तापवा, आंघोळीला फरक कळणार नाही. इमारतीचा पंप, गाडीचं चार्जिंग, कपड्यांचं मशीन हेही तसंच. हलवण्याजोगं तेवढंच हलवायचं.

टायमरबंद
दोघेही अर्धं सांगताय. समजा, विजेचा दर रात्री दहा वाजता उतरतो, मग सगळे टायमर दहालाच लागतात. ७ किलोवॅटचे दहा चार्जर एका सेकंदाला सुरू झाले की ७० किलोवॅटची पायरी उभी राहते, आणि तीही वरच्या रोहित्रावर घरांचा भार असताना. शिखर मोडत नाही, सरकतं. उलट आधी ते पसरट असायचं, आता टोकदार होतं. ब्रिटनने म्हणूनच २०२२ पासून घरगुती चार्जरला मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक (प्रत्येक वेळी वेगळा, कसाही) विलंब सक्तीचा केला. आपल्याकडच्या टायमरमध्ये तो नसेल तर हाताने द्या. १०:०० ऐवजी १०:२३ लावा, शेजाऱ्याला १०:४१ सांगा.

वीज परत येते तेव्हाही हेच. एरवी दहा एसींपैकी काहींचेच कॉम्प्रेसर एका वेळी चालू असतात. तासभर वीज गेली की सगळ्या खोल्या तापतात आणि परतल्यावर सगळे एकदम ओढतात. फिडर (भागाला वीज देणारी लाइन) पुन्हा ट्रिप होतो, म्हणजे आपोआप तुटतो, आणि लोक लाइनमनला शिव्या घालतात. वीज जाताच एसी-गिझरचे एमसीबी (बोर्डावरचे खटके) पाडा, आल्यावर पाचेक मिनिटांनी एकेक चढवा.

जुना_फिडर
तात्त्विक गप्पा पुरे. मीटर पळतो हा मुद्दा सगळ्यांनी सोयीस्करपणे गिळला. नवा मीटर लागला की बिल वाढतं, हे घराघरात दिसतंय.

लोडफॅक्टर
पळतो की नाही ते मोजा, मग बोला. मीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला मीटरचा दिवा ३२०० वेळा लुकलुकतो; आकडा वेगळा असेल तर तो धरा. घरातलं बाकी सगळं बंद करून १००० वॉटचा, थर्मोस्टॅट नसलेला हीटर लावा. इस्त्री नको, ती मध्येच तुटते. २३० व्होल्टला मिनिटाला ५३ लुकलुक दिसायला हव्यात. आधी व्होल्टेज बघा. २१० असेल तर तोच हीटर ८३४ वॉटच खातो आणि ४४-४५ मोजाल. हे न बघता "मीटर मंद आहे" म्हणणारेही भेटतात, फक्त ते तक्रार करत नाहीत.

जुन्या चकतीचा मीटर झिजला की बहुधा मंदच फिरायचा. तो फरक आता दिसतो.

जुना_फिडर
मोजणी बरोबर आली तरी बिल चुकू शकतं, हे सांगायला विसरलात की मुद्दाम गाळलंत? असे बरेच सिंगल फेज मीटर फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्हींचा करंट मोजतात आणि जास्त असेल त्यावर युनिट लावतात. एकाच वायरीवर मोजणाऱ्या मीटरला चोरटे वळसा घालायचे, म्हणून ही युक्ती. आता दोन फ्लॅट जोडून एक केलेलं घर घ्या, मीटर दोन. वायरमनने एका बाजूच्या दिव्यांचा न्यूट्रल दुसऱ्या बाजूला मारला. ३ अँपिअर फेजमधून मीटर 'अ'वर जातात, परत येतात मीटर 'ब'च्या न्यूट्रलवरून. दोन्ही मीटर तेच ३ अँपिअर लावतात. ६९० वॉट, रोज पाच तास, महिन्याला शंभराहून जास्त युनिटांचा नाहक भुर्दंड. चोर पकडायच्या सापळ्यात सरळ माणूस.

टायमरबंद
हा पहिला कामाचा प्रतिसाद. शोधायचं असं: मीटरनंतरच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरींवर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा) एकत्र लावा. शून्य यायला हवं. एखादा अँपिअर दिसला तर न्यूट्रल मिसळलाय किंवा गळती आहे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) अशा घरात टिकतच नाही. "सारखा पडतो" म्हणून कुणी काढून टाकला असेल तर तिथेच शंका घ्या.

मग परवानाधारक वायरमनकडून दोन्ही घरांचे डबल पोल मेन (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारे मुख्य स्विच) बंद करून एका न्यूट्रल पट्टीपासून दुसरीपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे सलग जोड, तपासून घ्या. बीप आला तर जोड आहे. एकेक न्यूट्रल पट्टीवरून सोडवत जायचं, बीप थांबला तो सर्किट गुन्हेगार. बहुतेकदा जिन्यातला टू-वे दिवा, नाहीतर दोन्हीकडे फिरवलेली इन्व्हर्टरची वायर.

लोडफॅक्टर
तुमच्या घरात वायरमनने घातलेला गोंधळ हा मीटरचा दोष कसा?

जुना_फिडर
मीटर बदलायला आलेल्याने क्लॅम्प लावून दाखवायला हवं. दोन मिनिटांचं काम. तो सही घेऊन पळतो.

लोडफॅक्टर
हे मात्र मान्य. बदलतानाच दाखवायला हवं, हे लेखी मागणीत टाका, माझीही सही धरा.

वातानुकूलित
वा, एवढा उदारपणा! मीटरचं झालं, आता दराचं. गिझर, चार्जर हलवता येतात हेही घटकाभर धरू. मग ते आपोआप हलू द्या ना, गृहिणीला घड्याळाकडे बघायला का लावता? आणि आपोआप म्हटलं की बटण कंपनीच्या हातात जाणार.

लोडफॅक्टर
बटण कुणाच्याच हातात द्यावं लागत नाही. गिझरमध्येच फ्रिक्वेन्सी मोजणारा रिले बसवता येतो. प्लगमध्ये जी फ्रिक्वेन्सी तीच सगळ्या ग्रिडवर, इंटरनेट नको की सिम नको. ४९.७ हर्ट्झच्या खाली गेली की गिझर सुटतो, सावरल्यावर १ ते १० मिनिटांच्या यादृच्छिक विलंबाने परत लागतो.

टायमरबंद
विलंबाशिवाय बसवलात तर सगळे एकदम परत येतील आणि फ्रिक्वेन्सी पुन्हा खाली. आणि पाणी ४० अंशांच्या खाली असेल तर सुटू नये अशी अट घाला, नाहीतर पहिल्याच थंडीत लोक रिले कापून टाकतील.

वातानुकूलित
रिलेचे पैसे कोण देणार ते सांगा. ग्राहक देणार असेल तर माझा विरोध कायम.